इलेक्ट्रिक स्कूटर, पावणेतीन वर्षं, २४ हजार किलोमीटर: गाडी बरी आहे, बाकीचं विचारू नका

इलेक्ट्रिक घेऊ का भाऊ, हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. कंपनीच्या गेटवर, लग्नात पंगतीला बसल्यावर, परवा तर तर्री पोह्याच्या ठेल्यावर एका अनोळखी माणसाने गाडीकडे बोट दाखवून विचारलं, आणि मी दर वेळेस अर्धवट काहीतरी सांगून मोकळा होतो. म्हणलं आता एकदाच सगळं लिहून टाकू. लांबलचक होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

गाडी मे २०२३ मध्ये घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की दोन कंपन्यांचे भक्त भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. तीन युनिटची बॅटरी आहे, म्हणजे ३ किलोवॉट अवर, निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली. नागपुरात मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसी, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, वर रविवारी बर्डी नाहीतर सासुरवाडी. मीटरवर आता २४ हजार झाले. मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे त्यामुळे टेस्ट रिपोर्ट, बॅच नंबर, सेन्सर कॅलिब्रेशन हे माझं रोजचं रडगाणं, म्हणून गाडी घेतानाही जरा जास्तच किडे केले, बायकोच्या भाषेत "पोरगी पाहायला इतका वेळ नाही लावला तेवढा स्कूटरला लावला".

आधी चांगलं सांगतो, ते लवकर संपतं. चालवायला एक नंबर. सिग्नल सुटला की छत्रपती चौकातून सगळ्यांच्या पुढे, आवाज नाही, हात थरथरत नाही, सर्व्हिसला ब्रेक पॅड आणि टायर सोडून करण्यासारखं काही नाही. नवीन होती तेव्हा पूर्ण चार्जवर ८५ किलोमीटर द्यायची (कंपनीचा आकडा याहून बराच मोठा होता, तो कोणत्या रस्त्यावर कोणत्या वजनाच्या माणसाने काढला देव जाणे), आता ७४-७५ देते. हिशोब: २४ हजार किलोमीटरला भिंतीतून साधारण ९६० युनिट वीज खाल्ली, दहा रुपयांनी धरली तरी साडेनऊ हजार. माझी जुनी पेट्रोलची गाडी ४५ चं ॲव्हरेज द्यायची, म्हणजे ५३३ लिटर, आपल्याकडे या काळात पेट्रोल १०५ च्या आसपास होतं, झाले ५६ हजार. फरक साडेसेहेचाळीस हजारांचा. पैशाच्या बाबतीत माझी तक्रार नाही.

आता खरी गोष्ट. हे नवं तंत्रज्ञान आहे, नव्या गोष्टीत धोका असतोच, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही, पण तो धोका सांभाळायचा कोणी हे मात्र विकताना कोणीच सांगत नाही. मोबाईल विकावा तशी स्कूटर विकून राहिले. वायरिंग तुम्ही पहा, सोसायटीशी तुम्ही भांडा, पुराचं तुम्ही पहा, जुनी बॅटरी तुम्ही सांभाळा. पावणेतीन वर्षांत हे एकेक कसं माझ्या अंगावर आलं ते सांगतो.

शोरूमपासूनच सुरू करू. मे २०२३ म्हणजे तुम्हाला आठवत असेल तर जास्तीच्या सबसिडीचा शेवटचा महिना. १ जूनपासून केंद्राची सबसिडी बॅटरीच्या युनिटमागे १५ हजारांवरून १० हजारांवर येणार होती आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंतची मर्यादा एकदम १५ टक्क्यांवर, त्यामुळे शोरूमला जत्रा. त्या गर्दीत मी विचारलं, बॅटरीची केमिस्ट्री कोणती? पोट्टा म्हणे, "सर, लिथियम आहे." अरे बाबा लिथियम तर आहेच, फॉस्फेटवाली की निकेलवाली? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "सर, इम्पोर्टेड लिथियम आहे." हसू नका, त्याची चूक नाही, त्याला ट्रेनिंगच रंग आणि ईएमआयचं दिलेलं.

केमिस्ट्री काऊन विचारायची तर लोखंड-फॉस्फेटवाली बॅटरी जड असते, तेवढ्याच वजनात कमी वीज साठवते, पण तापून बिथरायला, म्हणजे स्वतःहून आणखी तापत जाऊन पेटायला, तिला जास्त तापमान लागतं, म्हणजे साधारण २७० अंशांच्या आसपास, आणि निकेलवाली २१० च्या आसपासच बिथरते. शिवाय फॉस्फेटवालीत कोबाल्ट नाही. जगातलं ७० टक्क्यांच्या आसपास कोबाल्ट एकट्या काँगोतून येतं आणि तिथल्या खाणीत पोरं राबतात हे काही लपून नाही. दोन्ही बाजूंनी फॉस्फेट बरी, पण तेव्हा माझ्या बजेटमध्ये जवळपास सगळ्या निकेलवाल्याच होत्या. घेतली.

दुसरा प्रश्न विचारला तो जास्त महत्त्वाचा होता, गाडी बनली कोणत्या महिन्यात? २०२२ चा उन्हाळा आठवा, रोज कुठेतरी स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला उभी गाडी रस्त्यावर जळाली तो तर सगळ्या देशाने पाह्यला. त्यानंतर सरकारने समिती नेमली आणि बॅटरीचे सुरक्षेचे नियम, एआयएस १५६ म्हणतात त्याला, कडक केले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. दुसऱ्या टप्प्यात मोठी गोष्ट ही की एक सेल बिघडून तापला तरी आग अख्ख्या पॅकमध्ये पसरून स्फोट होऊ नये आणि गाडीवाल्याला आधी आवाज करून, दिवा लावून कळावं. म्हणजे फेब्रुवारीची गाडी आणि एप्रिलची गाडी दिसायला सारखी, रंग सारखा, किंमत सारखी, पण आतल्या बॅटरीत फरक असू शकतो. मला जी दाखवली ती फेब्रुवारीची. मी म्हणलं एप्रिलची द्या. मॅनेजर म्हणे "सर, सगळ्या एकच आहेत." एकच आहेत तर मग एप्रिलची द्यायला काय जातं, असं म्हणून बसून राहिलो. अकरा दिवस थांबलो, मिळाली. माझ्यासमोर ती फेब्रुवारीवाली एका काकांनी हार घालून, नारळ फोडून नेली. मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटते, पण त्यांना मी कोण सांगणारा.

आता सोसायटी. आमची दहा फ्लॅटची साधी स्कीम, खाली पार्किंग, पार्किंगच्या कोपऱ्यातून एकच जिना. सेक्रेटरी काका म्हणजे वीज मंडळातून रिटायर झालेला माणूस. मी चार्जिंगचा पॉइंट मागितला तर म्हणे, "तुमची गाडी पेटली तर वरचे दहा घरचे लोक उतरतील कुठून?" मला आला राग. मी केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या गाईडलाइनची प्रिंट नेऊन त्यांच्या टेबलवर ठेवली, घरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे म्हणून. काका म्हणाले, "परवानगी आहे, मान्य. जिन्याखाली करा असं कुठे लिहिलं ते दाखवा."

घरी येऊन मी चडफडलो, मग रात्री जरा शांतपणे विचार केला. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला हॉटेल जळालं होतं, खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम, वर खोल्या, आठ माणसं गेली, धूर जिन्यातून वर चढला. त्याच महिन्यात वसईला घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि सात वर्षांचं पोरगं गेलं. दोन्ही ठिकाणी बॅटरी पेटली हे तर आहेच, पण ती कुठे ठेवली होती यानेही जीव गेले. आणि मी जो पॉइंट मागत होतो तो जिन्याला लागून, कारण माझं मीटर तिथे आणि वायर कमी लागणार, दोन हजार वाचणार. काका बरोबर होते. हे त्यांना मी अजून तोंडावर म्हणलो नाही, पण दुसऱ्या दिवशी जाऊन जिन्यापासून सगळ्यात लांबच्या, कंपाउंडच्या भिंतीजवळच्या उघड्या जागेवर पॉइंट घेतो म्हणालो, आणि ते लगेच हो म्हणाले. वर पत्र्याचं छोटं छप्पर स्वतःच्या खर्चाने.

वायरिंगचं ऐका. पहिले पंधरा दिवस पॉइंट नव्हता म्हणून मी पहिल्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड सोडला होता. हो, क्वालिटीवाला माणूस, सगळ्या जगाचे नियम वाचून आलेला, आणि खिडकीतून बोर्ड सोडून चार्जिंग. बाराव्या दिवशी बोर्डाच्या प्लगचं प्लास्टिक मऊ होऊन वास सुटला. आईला आधी आला वास, "काहीतरी जळून राहिलं रे" म्हणून तिने बटन बंद केलं. गाडीचा काही दोष नाही त्यात, चार-पाच तास सतत करंट ओढणाऱ्या गोष्टीला टीव्ही-मिक्सरसाठीचा बोर्ड लावला तर तो वितळणारच. मग नीट इलेक्ट्रिशियन बोलावला तर तो मीटरबोर्ड उघडून म्हणे, "भाऊ, तुमच्या बिल्डिंगला अर्थिंग आहे कुठे?" वीस वर्षं झाली बिल्डिंगला, अर्थिंगची तार जमिनीत जायच्या आधीच गंजून तुटलेली आणि कोणाला पत्ता नाही! नवीन अर्थिंग, वेगळी जाड तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की क्षणात बंद करते ती), सगळे मिळून साडेनऊ-दहा हजार गेले. अर्थिंगचे सोसायटीने दिले, कारण काकांनी मीटिंगमध्ये सांगितलं की याच्या स्कूटरमुळे आपल्या सगळ्यांच्या गिझरचा धोका कळला. डीलरने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्याच्या पोट्ट्याने सांगितलं होतं "सर, मोबाईलसारखंच, कुठेही लावा".

जाता जाता, पार्किंगमध्ये लाल सिलिंडर लटकलेला होता तो पाह्यला, तारीख २०१९ ची. भरून घेतला, पण हेही माहीत असू द्या की लिथियम बॅटरी एकदा पेटली की पावडरचा सिलिंडर वरची ज्वाळा दाबतो, आतले सेल गरमच राहतात आणि पुन्हा पेटतात. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं, ते काम फायर ब्रिगेडचं, आणि तो धूर विषारी. तुम्ही मेन बंद करता येत असेल तर करा आणि पळा, हिरो बनू नका. ही ओळ गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, पान नंबर शंभरच्या पुढे, बारीक इंग्रजीत.

मग आला उन्हाळा. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे सांगायला नको, ४५ पर्यंत तर पारा सहज जातो, आणि दुपारी चार वाजता कंपनीच्या पार्किंगमध्ये सीटवर पोळी भाजेल. उन्हाळ्यात एकच नियम पाळतो, घरी आल्या-आल्या चार्जिंगला लावत नाही, दोन तास सावलीत राहू देतो आणि रात्री लावतो, रोज ८० टक्क्यांवर बंद. बॅटरीची ताकद इतकी टिकली ती यामुळेच असं मला वाटते, माझ्यासोबत घेतलेल्या एकाची रोज १०० टक्के करून साठ किलोमीटरवर आली आहे. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी आली होती ना, देशभर गाजली, आणि दोन दिवसांत हवामान खात्याने सांगितलं की तो सेन्सर बिघडला होता. आम्ही कारखान्यात त्यावर फार हसलो.

आणि मग माझ्याच गाडीचा सेन्सर बिघडला. जानेवारी २०२५, सकाळी सहा, थंडी दहा-अकरा अंशांची, हातमोजे घालून गाडी सुरू केली तर लाल दिवा, ट्यांव ट्यांव आवाज, "बॅटरीचं तापमान जास्त, गाडीपासून दूर जा". रात्रभर थंडीत उभी गाडी! माझं क्वालिटीचं डोकं म्हणे सेन्सर गेला. पण खरंच एखादा सेल तापला असेल तर? दहा मिनिटं मी वीस फुटांवर उभा राहून स्वेटरमध्ये हात घालून स्कूटरकडे पाहून राहिलो, शेजारचे काका दूध घ्यायला निघाले त्यांना म्हणलं तिकडून जा. काही झालं नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर समोरचा म्हणे, "सर, फ्यूज काढून पुन्हा लावा, वॉर्निंग जाते. तसं नाही झालं तर चालवत आणा." ज्या इशाऱ्यासाठी सरकारने नियम केला, त्याच इशाऱ्यावर कंपनीचा माणूस सांगून राहिला की फ्यूज काढा आणि चालवत आणा. मी टेम्पो करून नेली. सेन्सरच बिघडला होता हे कळायला एक दिवस लागला आणि सेन्सर यायला एकोणीस दिवस, कारण तो सुटा मिळत नाही, त्याची वायरिंगची अख्खी माळ बदलावी लागते आणि ती पॅकचं सील उघडून. वॉरंटीत झालं, पैसे लागले नाहीत, ते खरं. पण बाहेरच्या कोणत्याच मेकॅनिकला हात लावता येत नाही, त्याच्याकडे ना ते सॉफ्टवेअर, ना पार्ट. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, मी हौसेने पाह्यलं, माझ्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. रात्री अपडेट येतं, सकाळी गाडी बदललेली असते. एकदा थ्रॉटल सोडल्यावरची ब्रेकिंग एकदम जोरात झाली आणि मेडिकल चौकात मागचा ऑटोवाला माझ्या नंबरप्लेटला टेकलाच. आधी सांगा ना बाप्पा, काय बदललं ते. गाडीत सिम आहे, मी कुठे गेलो हे कंपनीला माहीत, आणि ॲपचे काही फीचर पहिल्या वर्षानंतर पैसे भरले तरच चालतात. २०२३ मध्ये खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला त्याचा आधार घेऊन मी कंपनीला ईमेल केला की माझा प्रवासाचा डेटा किती दिवस ठेवता. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद."

पुराचं माझं नाही, साडूचं. त्याने माझं पाहून तीच गाडी घेतली, म्हणून जरा अपराधीही वाटते. तो अंबाझरी लेआउटला राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून जे पाणी घुसलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याची गाडी हँडलपर्यंत पाण्यात, तीन-चार तास. आता कंपनी जाहिरातीत आयपी ६७, आयपी ६७ करत असते, त्याचा अर्थ काय तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. अर्ध्या तासात पूर ओसरायला नागनदी काय कंपनीची नोकर आहे? साडूने शहाणपणा केला, चार्ज लावला नाही, सुरू केली नाही, उचलून नेली. सर्व्हिसवाल्यांनी काय केलं, तर अशा पाच-सहा भिजलेल्या गाड्या शोरूमच्या मागच्या भिंतीला एकमेकींना चिकटून लावून ठेवल्या, चांगल्या गाड्यांच्या शेजारी. पाणी शिरलेला पॅक दोन-चार दिवसांनीही बिथरू शकतो, तो वेगळा, मोकळ्यावर ठेवायचा असतो, हे तिथे कोणाला माहीत नव्हतं का, की जागा नव्हती, विचारलं तर म्हणे "आतापर्यंत काही झालं नाही सर". विम्याचा सर्व्हेअर आला तो सायलेन्सर शोधून राहिला होता (थोडं वाढवून सांगतो आहे, पण फार नाही). शेवटी पॅकचे पैसे मिळाले, कारण साडूने विम्यात बॅटरीचं वेगळं कव्हर घेतलं होतं, मी घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घेतलं. नवीन घेणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे कव्हर घ्या.

आता पर्यावरण. लोक मला चिडवतात की तुझी गाडी कोळशावर चालते, आणि नागपुरात बसून ते नाकारायची सोय नाही, गच्चीवर चढलं तर कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे वीज बनवणारे ६६० मेगावॉटचे तीन युनिट आहेत, शेजारी खापरखेडा, पलीकडे चंद्रपूर. जुलै २०२२ मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून शेतात राख गेली होती. आणि मी ज्या मे महिन्यात हार घालून गाडी आणली त्याच महिन्यात कोराडीत आणखी दोन युनिट टाकायची जनसुनावणी झाली, त्यावर गावकऱ्यांनी आणि शहरातल्या लोकांनी किती विरोध केला. म्हणजे धूर माझ्या सायलेन्सरमधून निघत नाही, तो कोराडीवाल्याच्या अंगणात निघतो. हे मला टोचते, खोटं काऊन बोलू.

तरी हिशोब करून पाह्यला. देशाच्या विजेत युनिटमागे सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरतात. माझे ९६० युनिट म्हणजे ६७० किलो. पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, ५३३ लिटरचे झाले १,२२५ किलो. फरक साडेपाचशे किलोचा. त्यातून बॅटरी बनवतानाचा खर्च वजा करायचा, युनिटमागे ६० ते १०० किलो म्हणतात, म्हणजे माझ्या तीन युनिटला १८० ते ३०० किलो. पावणेतीन वर्षांनी माझ्या पदरात पुण्य किती, तर अडीचशे ते पावणेचारशे किलो. कमी नाही, पण जाहिरातीत झाडांवर चिमण्या नाचतात तेवढंही नाही. हे पुण्य वाढवायचे दोनच रस्ते, एक बॅटरी जास्तीत जास्त वर्षं चालवायची, नवीन मॉडेल आलं की बदलायची नाही, आणि दुसरा वीज उन्हाची घ्यायची. आमच्या कारखान्याच्या शेडवर सोलर आहे, मी एचआरच्या मागे लागून गेल्या वर्षी सायकल स्टँडवर चार पॉइंट करून घेतले, आता महिन्यातले पंधरा दिवस तरी दुपारी तिथे लावतो (उन्हाळ्यात नाही, वर सांगितलं तेच कारण). बिल्डिंगच्या गच्चीवर सोलरचा विषय मीटिंगमध्ये दोनदा निघाला आणि दोन्ही वेळेस पापड वाळवायची जागा जाईल यावर अडला.

आणि बॅटरी मेल्यावर? हा प्रश्न मी शोरूममध्ये पहिल्या दिवशी विचारला होता तेव्हा उत्तर आलं, "सर, आता तर घेऊन राहिले, आत्ताच मरणाचं काऊन बोलता." ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, त्यात जबाबदारी स्पष्ट कंपनीवर टाकली आहे, जुनी बॅटरी परत घ्यायची, रिसायकल करून घ्यायची, २०२६-२७ पासून त्यातला ९० टक्के माल काढायचा, २०३०-३१ पर्यंत नवीन बॅटरीत २० टक्के जुना माल वापरायचा. कागदावर झकास. मी आमच्या भागातल्या कबाडीवाल्याला विचारलं, इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी तो किलोच्या भावाने हसत घेतो, कारण शिसं वितळवणारे गल्लोगल्ली आहेत. स्कूटरची म्हणलं तर हात जोडले, "नको भाऊ, ते पेटते." म्हणजे ज्याला कळत नाही त्यालाही धोका कळतो. सर्व्हिस सेंटरला विचारलं, तुमच्याकडे परत घेतात का? मॅनेजर म्हणे घेतात. पैसे किती देता? "वरून विचारून सांगतो." हे ऑक्टोबरचं आहे. चांगल्या रिसायकलरकडे त्या बॅटरीचा काळा भुगा करून लिथियम, कोबाल्ट, निकेल वेगळं काढतात, किंवा सत्तर टक्के ताकद उरलेली बॅटरी सोलरच्या साठ्याला लावतात, म्हणजे ती कचरा नाहीच, माल आहे. मग माझा माल फुकट काऊन द्यायचा हेही विचारायला पाहिजे. आणि कंपनीच बंद पडली तर? सबसिडीच्या नियमात गडबड केली म्हणून सरकारने काही कंपन्यांकडून पैसे परत मागितले होते, त्यातल्या काहींच्या गाड्यांचे मालक आज पार्टसाठी इंटरनेटवर भटकून राहिले. जुनी कंपनी, नवी कंपनी, हे पाहूनच घ्या, दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

बरं मार्क द्यायचे तर गाडीला पाचपैकी चार. बॅटरीला साडेतीन, फॉस्फेटवाली असती तर चार दिले असते. सर्व्हिसला दीड, तो अर्धा त्या मेकॅनिक पोट्ट्यासाठी ज्याने पॅक उघडल्यावर मला जवळ बोलावून आतलं सगळं समजावून दाखवलं आणि म्हणाला "सर, हे मलाही पहिल्यांदाच पाहायला मिळून राहिलं". विकताना दिलेल्या माहितीला शून्य.

घेऊ का म्हणाल तर, रोजचं वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जाणं असेल, गाडी उभी करायला जिन्यापासून लांब जागा असेल, अर्थिंग तपासून घेणार असाल, तर घ्या. तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि बॅटरी काढून वर नेऊन हॉलमध्ये, दाराजवळ रात्रभर चार्ज करायचा विचार असेल तर नका घेऊ, अजून थोडं थांबा.

माझी वॉरंटी तीन वर्षांची, मेमध्ये संपते. कंपनीने मध्यंतरी आठ वर्षांपर्यंत वाढवायची स्कीम काढली, रोज मेसेज येऊन राहिला. कागद मागवून वाचला तर त्यात ताकद किती टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलून देणार ते ठळक लिहिलं आहे, पण ती ताकद मोजणार कोण, कोणत्या तापमानाला, आणि मोजल्याचा कागद मला मिळणार की नाही यावर अवाक्षर नाही. येत्या शनिवारी हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटरला जातो आहे, आज ताकद किती आहे ते मोजून द्या आणि सही-शिक्क्यानिशी लिहून द्या म्हणणार. बायको म्हणते डबा घेऊन जा.